भूतोच्चाटन-विधीची विश्वसनीयता : रोमन विधिग्रंथ ते चाहत्यांचे सहलेखन

प्रस्तावना

कादंबरी, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी-मालिका यांतील पात्रे आणि त्यांचे जग घेऊन वाचक-प्रेक्षकांनी स्वतः नवी कथा रचणे, या लेखनप्रकाराला 'फॅन फिक्शन' असे नाव रूढ झाले आहे. प्रस्तुत निबंधात त्यासाठी 'चाहतालेखन' हा शब्द योजला आहे. 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये काढलेल्या 'स्पॉकानालिया' या अनियतकालिकापासून या प्रकाराचा आधुनिक इतिहास सांगितला जातो. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ मधील 'टेक्स्चुअल पोचर्स' या ग्रंथाने त्याला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली, तर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनीच उभारलेल्या संग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथाक्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या लेखनाचा बराच भाग सामूहिक असतो. एक कथा अनेक हातांनी लिहिली जाते. एकाने लिहिलेल्या प्रकरणापुढे दुसरा प्रकरण जोडतो आणि तिसरा दोन्हींतील विसंगती दूर करतो. कथाविषय भयाचा असेल तर अशा गटापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : पात्राच्या अंगातील भूत काढण्याचा विधी कसा रचावा, की तो पाच लेखकांच्या हातून गेल्यावरही वाचकाला खरा वाटेल? प्रथमदर्शनी हा प्रश्न रंजनापुरता दिसतो. त्याचे उत्तर मात्र चार शतकांच्या इतिहासात विखुरलेले आहे. भूतोच्चाटन खरे केव्हा वाटते आणि सोंग केव्हा वाटते, याचा विचार कथाकारांच्या आधी धर्मगुरूंनी, वैद्यांनी आणि न्यायाधीशांनी केलेला होता. विधीची विश्वसनीयता त्याच्या भव्यतेत नसून त्याने स्वतःवर घातलेल्या मर्यादांत असते, हे या इतिहासाच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. विवेचन पाश्चात्त्य, मुख्यतः ख्रिस्ती परंपरेपुरते मर्यादित आहे. कारण या प्रकारच्या चाहतालेखनातील विधी बहुतांशी त्याच परंपरेतून आलेला आहे.

१. विधिग्रंथ : संशयापासून प्रारंभ

पोप पाचवे पॉल यांच्या कारकिर्दीत १६१४ मध्ये 'रिचुआले रोमानुम' हा कॅथलिक विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील भूतोच्चाटनाचे प्रकरण प्रार्थनेने सुरू होत नाही. ते सूचनांनी सुरू होते, आणि त्यांतील आरंभीची महत्त्वाची सूचना अशी की, समोरची व्यक्ती झपाटलेली आहे यावर धर्मगुरूने सहजासहजी विश्वास ठेवू नये. बाधा आणि आजार यांतील फरक ओळखण्यासाठी ग्रंथात काही लक्षणे दिली आहेत : अपरिचित भाषेत बोलणे किंवा ती समजणे, दूरच्या वा गुप्त गोष्टी सांगणे आणि वयाच्या व शरीराच्या मानाने अचाट बळ दाखविणे.

पुढील सूचनाही तितक्याच संयत आहेत. विधी करणारा धर्मगुरू आचरणाने शुद्ध व प्रौढ असावा. त्याने कुतूहलापोटी प्रश्न विचारू नयेत. आत शिरलेले आत्मे किती, त्यांचे नाव काय, ते केव्हा व का आले, एवढेच विचारावे. औषध देण्याच्या फंदात त्याने पडू नये. ते काम वैद्याचे. बाधित व्यक्ती स्त्री असेल तर तिच्याजवळ विश्वासू स्त्रिया, शक्यतो नात्यातल्या, असाव्यात. त्यानंतर संतांची विनवणी, स्तोत्र, शुभवर्तमानातील उतारे, क्रूसाची खूण आणि मग आत्म्याला दिलेली आज्ञा असा क्रम येतो. एका प्रयत्नात काम झाले नाही तर तो क्रम पुन्हा करावयाचा असतो. म्हणजे अपयशाची तरतूद विधीतच आहे.

हे प्रकरण इतके सावध का, याचे उत्तर त्यापूर्वीच्या काळात सापडते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील जिरोलामो मेंगी या फ्रान्सिस्कन संन्याशाचे भूतोच्चाटनविषयक ग्रंथ लोकप्रिय झाले होते. त्यांत मंत्रांची, धुरीची आणि शापवचनांची रेलचेल होती. १६१४ च्या ग्रंथाने या पसाऱ्याला आवर घातला. विधी कमी केल्याने दुबळा झाला नाही; उलट तो अधिकृत झाला. मेंगीचा ग्रंथ पुढे चर्चनेच निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला.

२. परीक्षा आणि सोंग

विधीचा गैरवापर उघडा पाडण्याच्या पद्धतीही याच काळात तयार झाल्या. फ्रान्समधील मार्थ ब्रोसिए ही तरुणी आपण झपाटलेल्या आहोत असे सांगत गावोगाव हिंडविली जात होती. १५९८ मध्ये आँजे येथील बिशपने तिची साधी परीक्षा घेतली. पवित्र पाणी म्हणून तिला साधे पाणी देण्यात आले आणि भूतोच्चाटनाची वचने म्हणून लॅटिन महाकवी व्हर्जिलचे काव्य वाचून दाखविण्यात आले. दोन्ही वेळा तिच्या अंगातील तथाकथित भूत खवळले. १५९९ मध्ये पॅरिस येथे वैद्यांनी तिला तपासले. त्यांपैकी मिशेल मारेस्को यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, या प्रकरणात सैतानाचे काहीच नाही, बरेचसे सोंग आहे आणि थोडासा आजार आहे.

लूदाँ येथील मठातील जोगिणींचे प्रकरण याहून भीषण ठरले. १६३२ मध्ये सुरू झालेले तेथील भूतोच्चाटन चर्चमध्ये हजारो प्रेक्षकांसमोर चाले. जोगिणींच्या तोंडून सैतान लॅटिनमध्ये उत्तरे देई, परंतु त्या लॅटिनमध्ये विभक्तीच्या चुका असत आणि शंकेखोर श्रोत्यांनी त्यांवर बोट ठेवले होते. तरीही सैतानाची साक्ष ग्राह्य धरण्यात आली. उर्बें ग्रांदिए या धर्मगुरूवर चेटकाचा आरोप ठेवून १८ ऑगस्ट १६३४ रोजी त्याला जाळण्यात आले. आत्म्याशी निरर्थक संवाद करू नये, ही विधिग्रंथाची सूचना कशासाठी होती, हे या घटनेवरून कळते. सैतान बोलू लागला, श्रोते जमले आणि विधीचा खटला झाला.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न रंगभूमीच्या भाषेत मांडला गेला. लंडनच्या बिशपचा सहायक असलेल्या सॅम्युअल हार्स्नेट याने १६०३ मध्ये एक ग्रंथ लिहून, १५८५-८६ च्या सुमारास डेनम येथे कॅथलिक धर्मगुरूंनी केलेली भूतोच्चाटने म्हणजे निव्वळ नाटक होते, असे प्रतिपादन केले. १६०४ मध्ये इंग्लंडच्या चर्चने बिशपच्या परवान्याशिवाय असे विधी करण्यास आपल्या धर्मोपदेशकांना मनाई केली. साहित्याच्या इतिहासाला या ग्रंथाची वेगळीच देणगी आहे. शेक्सपिअरने 'किंग लिअर'मध्ये वेड्या टॉमचे सोंग घेतलेल्या एडगरच्या तोंडी जी पिशाचांची नावे घातली, ती हार्स्नेटच्या ग्रंथातून उचललेली आहेत. विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाला हे नाटक परिचित आहे.

येथे एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावी लागते. सोंग म्हणून उघडी पाडलेली सामग्री शेक्सपिअरने सोंग म्हणूनच वापरली. एडगर झपाटलेला नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही वादळातील त्याचे बरळणे हृदयाला भिडते, कारण त्या बरळण्यामागे घराबाहेर काढलेल्या, जीव वाचविण्यासाठी लपलेल्या मुलाचे खरे दुःख आहे. नावे उसनी आहेत. वेदना उसनी नाही. दुसऱ्याच्या ग्रंथातील सामग्री घेऊन आपली कथा उभी करणाऱ्या आजच्या चाहतालेखकाचा हा एक दूरचा पूर्वज म्हणता येईल.

३. 'दिब्बुक' : विधीआधी न्याय

विधीच्या नाट्यरूपाचा दुसरा आदर्श पूर्व युरोपातील ज्यू परंपरेत आढळतो. एस. आन्स्की या लेखकाने १९१२ ते १९१४ या काळात व्होल्हीनिया व पोदोलिया या भागांतील ज्यू वस्त्यांमधून लोककथा, गाणी आणि चालीरीती गोळा केल्या. त्याच काळात त्याने 'दिब्बुक' हे नाटक रचले. लेखकाच्या निधनानंतर महिन्याभराने, डिसेंबर १९२० मध्ये, वॉर्सा येथे त्याचा पहिला प्रयोग झाला.

या नाटकात प्रियकराचा मृतात्मा नववधू लेयाच्या अंगात शिरतो. तो काढण्यासाठी आलेला साधुपुरुष मोठा असला तरी बहिष्काराची आज्ञा देण्यापूर्वी गावच्या रब्बीची संमती घेतो. विधीसाठी दहा पुरुषांचा गण, तोराच्या गुंडाळ्या, काळ्या मेणबत्त्या आणि शोफार हे शिंगवाद्य आणले जाते. परंतु त्याहीपूर्वी एक खटला चालतो. लेयाच्या पित्याने आपल्या मृत मित्राला दिलेले वचन मोडले होते. त्या मृताला न्यायासनापुढे बोलावून त्याची बाजू ऐकली जाते आणि पित्याला प्रायश्चित्त सांगितले जाते. बाधा ही मोडलेल्या वचनाची खूण आहे, असा या रचनेचा अर्थ होतो. आत्मा अखेरीस निघून जातो, पण लेया वाचत नाही. विधी रीतसर पार पडला आणि तरीही त्याने हवे ते दिले नाही. हा शेवट प्रेक्षकाला पटतो, कारण नाटककाराने विधीला मानवी व्यवहाराच्या हिशेबापासून तोडलेले नाही.

४. ब्लॅटी : वैद्यकाच्या वाटेने विधीकडे

आधुनिक कल्पनाविश्वातील भूतोच्चाटनाचा साचा विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७१ च्या कादंबरीने आणि विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित १९७३ च्या चित्रपटाने घडविला. १९४९ मध्ये ब्लॅटी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना मेरीलँडमधील एका मुलावर झालेल्या भूतोच्चाटनाची बातमी वृत्तपत्रात आली होती. तीच या कादंबरीची प्रेरणा ठरली. चित्रपटात काही जेझुइट धर्मगुरूंनी सल्लागार व अभिनेते म्हणून काम केले.

चित्रपटातील भयावह दृश्यांचीच चर्चा अधिक होते. परंतु कथेची बांधणी पाहिली असता असे दिसते की, प्रत्यक्ष विधी शेवटी येतो आणि त्याआधीचा मोठा भाग निदानाचा आहे. आई मुलीला प्रथम डॉक्टरांकडे नेते. तपासण्यांमागून तपासण्या होतात. धर्मगुरू कॅरस हा स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असून त्याची श्रद्धा डळमळीत झाली आहे. तो मुलीवर नळाचे पाणी पवित्र पाणी म्हणून शिंपडतो, ती किंचाळते, आणि त्याचा संशय वाढतो. आँजेच्या बिशपने केलेली हीच परीक्षा तेथे पावणेचारशे वर्षांनी कथेत उतरलेली दिसते. पुढे बिशपची परवानगी मिळते आणि अनुभवी मेरीन येतो. सैतान खोटारडा आहे, त्याच्याशी बोलत बसू नये, असे तो कॅरसला बजावतो. हा सल्ला थेट विधिग्रंथाच्या परंपरेतला आहे.

कथेत विधी यशस्वी होत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मेरीन मरण पावतो. मुलगी वाचते ती मंत्राने नव्हे. कॅरस सैतानाला स्वतःच्या अंगावर घेतो आणि प्राण देतो, म्हणून. संशय, अधिकार, संयम आणि किंमत या चार खांबांवर ब्लॅटी यांनी विधी उभा केला. नंतरच्या असंख्य अनुकरणांनी त्यांतील किंकाळ्या तेवढ्या घेतल्या आणि खांब मागे ठेवले.

५. 'सुपरनॅचरल' आणि सहलेखनाची संहिता

सप्टेंबर २००५ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०२० मध्ये संपलेली 'सुपरनॅचरल' ही अमेरिकी मालिका चाहतालेखनाच्या दृष्टीने अत्यंत फलदायी ठरली. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ गावोगाव फिरून भुताखेतांचा बंदोबस्त करतात, एवढे तिचे कथासूत्र. ३२७ भागांच्या या पसाऱ्याने चाहत्यांना एक तयार विधिसामग्री पुरविली : पवित्र पाणी, मीठ, लोखंड, गंधकाचा वास, जमिनीवर वा छतावर काढलेले सैतानाला अडकविणारे वर्तुळ आणि लॅटिन वचने. या वचनांचा आधार पोप तेरावे लिओ यांच्या काळात, १८९० मध्ये, प्रसिद्ध झालेल्या प्रार्थनेत आहे.

मालिकेत एक मूलभूत बदल घडलेला दिसतो. रोमन विधीत वचनाचे सामर्थ्य ते कोण आणि कोणाच्या वतीने उच्चारतो यावर अवलंबून असते. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, अशी वचने माहिती देत नाहीत, कृती घडवितात. आणि योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग व योग्य रीत यांवाचून ती निष्फळ होतात. विंचेस्टर बंधू मात्र धर्मगुरू नाहीत. २००८ मधील एका भागात तर लॅटिन वचने ध्वनिमुद्रित करून पोलीस ठाण्यातील ध्वनिक्षेपकावरून ऐकविली जातात आणि इमारतीतील सर्व सैतान एकदम पळतात. येथे विधीचे यंत्र झाले. प्रसंग रंजक आहे, परंतु त्याने कथाकारांपुढे अडचणही उभी केली. ध्वनिफितीने काम होत असेल तर पुढच्या कथेत भीती कशाची उरणार? सैतानाला शरीरात जखडून ठेवणाऱ्या खुणेची कल्पना मालिकेने २००७ मध्येच योजली होती. अशा प्रतिबंधांची गरज मंत्राला सर्वशक्तिमान होऊ न देण्यासाठीच असते.

एकच लेखक असेल तर तो अशा विसंगती आपल्या शैलीने झाकू शकतो. सहलेखनात ते शक्य नसते. एका प्रकरणात अवघड असलेला विधी दुसऱ्या प्रकरणात चुटकीसरशी झाला, तर वाचकाचा विश्वास उडतो. म्हणून गटाला लेखनापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे सर्वसंमतीने ठरवावी लागतात, आणि ते प्रश्न १६१४ च्या सूचनांहून फारसे वेगळे नसतात. बाधा आहे हे कशावरून ठरते आणि ती चुकीची ठरण्याची शक्यता कितपत आहे? विधी करण्याचा अधिकार कोणाला, आणि तो अधिकार श्रद्धेतून येतो, परंपरेतून येतो की केवळ ज्ञानातून? आत्म्याशी किती बोलावयाचे? विधी फसला तर काय होते? साक्षीदार कोण? या प्रश्नांची उत्तरे एकदा निश्चित झाली की प्रत्येक लेखक आपल्या प्रकरणात मोकळेपणाने वावरू शकतो. नियम येथे प्रतिभेला जखडत नाहीत; त्यांच्यामुळेच अनेकांची प्रतिभा एका कथेत नांदू शकते.

भाषेच्या बाबतीत एक जुना दाखला उपयुक्त ठरतो. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथाकाराने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'नेक्रोनॉमिकॉन' हा काल्पनिक ग्रंथ निर्माण केला. क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट ई. हॉवर्ड आदी मित्रलेखकांनी आपापले काल्पनिक ग्रंथ रचले आणि सर्वांनी एकमेकांचे ग्रंथ आपल्या कथांत उल्लेखिले. यांपैकी कोणताही ग्रंथ त्यांनी पूर्ण लिहिला नाही. तुटक उल्लेखांमुळेच तो खरा भासला. विधीचेही तसेच आहे. पानभर लॅटिन देण्यापेक्षा दोन अचूक वचने आणि त्यांनंतरची शांतता अधिक परिणामकारक ठरते. लूदाँमध्ये सैतानाचे व्याकरण चुकले तेव्हा श्रोत्यांना हसू आले होते, हे संहिता लिहिणाऱ्याने विसरू नये.

६. बाधित व्यक्तीचे काय?

आतापर्यंतच्या विवेचनात विधी करणाऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा विचार झाला. ज्याच्या शरीरावर विधी होतो त्याचा विचार केल्याशिवाय विश्वसनीयतेचा प्रश्न पूर्ण होत नाही, कारण येथे कथेबाहेरील जीवनाचा संबंध येतो.

जर्मनीतील बव्हेरियात, क्लिंगेनबर्ग येथे, २३ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा १ जुलै १९७६ रोजी मृत्यू झाला. तिच्यावर पूर्वी अपस्माराचे उपचार झाले होते. बिशपची रीतसर परवानगी घेऊन सप्टेंबर १९७५ पासून १६१४ च्याच विधिग्रंथानुसार तिच्यावर ६७ वेळा भूतोच्चाटन करण्यात आले. तिने अन्न सोडले होते. उपासमारीने व निर्जलीकरणाने ती दगावली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले. परवानगी होती, वचने होती, क्रम होता. वैद्याला बोलाविणे तेवढे राहून गेले. कॅथलिक चर्चने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित विधीत आजार व बाधा यांतील भेद ओळखण्यावर आणि विधीचे प्रदर्शन होऊ न देण्यावर विशेष भर दिला आहे.

कल्पित कथेचा या वास्तवाशी संबंध केवळ योगायोगाचा नाही. मायकेल क्युनिओ या समाजशास्त्रज्ञाने २००१ मधील 'अमेरिकन एक्झॉर्सिझम' या ग्रंथात असे दाखविले की, अमेरिकेत भूतोच्चाटनाला वाढती मागणी निर्माण होण्यात लोकप्रिय कादंबऱ्या व चित्रपट यांचा मोठा वाटा होता. कथेतील विधी जितका पटणारा, तितकी त्याची सावली बाहेर लांब पडते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही बाब दूरची वाटू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. या कायद्याच्या अनुसूचीतील पहिलीच नोंद भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे अशा कृत्यांची आहे. कथेत जे 'वातावरण' म्हणून शोभते, ते कायद्याच्या भाषेत अमानुष कृत्य ठरते.

'सुपरनॅचरल'च्या पहिल्याच पर्वाच्या अखेरच्या भागात हा प्रश्न डोकावतो. विधीने सैतान निघून जातो आणि मागे उरते ती छिन्नविच्छिन्न शरीराची मेग ही साधी मुलगी. थोडा वेळ ती शुद्धीवर असते, बोलते आणि मरते. विधी जिंकला, माणूस हरला. पुढील पर्वांत सैतानाला मारणारा सुरा हाती आल्यावर नायकांनी विधीचा खटाटोप अनेकदा टाळला. त्या सुऱ्याने सैतानाबरोबर बाधित माणूसही मरे. चाहतालेखनाला येथे मोठी जागा मिळते. सैतान गेल्यानंतरची सकाळ, हातावरचे वळ, काय घडले याची अर्धवट आठवण, घरच्यांच्या नजरेतील भीती हे सारे मूळ मालिकेला वेळेअभावी वगळावे लागले. सहलेखकांना त्यासाठी हवा तेवढा अवकाश असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भूतोच्चाटन-विधीची विश्वसनीयता शब्दांच्या गूढतेवर किंवा दृश्यांच्या भीषणतेवर अवलंबून नसते. संशयाने सुरू होणारा, अधिकाराची मर्यादा मानणारा आणि फसू शकणारा विधीच पटतो. दुसरी, ब्रोसिए, डेनम आणि लूदाँ या प्रकरणांत प्रेक्षक वाढले, सैतानाला बोलू दिले गेले, तेथे विधीचे सोंग झाले. आणि लूदाँमध्ये त्या सोंगाने एका माणसाचा बळी घेतला. तिसरी, आन्स्की व ब्लॅटी यांनी विधीला मानवी किंमत जोडली, म्हणून त्यांच्या कृती टिकल्या. चौथी, सहलेखनात या मर्यादा लेखी संहितेच्या रूपाने आधीच ठरविणे अपरिहार्य ठरते.

१६१४ च्या सूचनाकारांना कथा लिहावयाची नव्हती. धर्मगुरूने फसू नये आणि आजारी माणसाला वैद्यापासून दूर ठेवू नये, एवढीच त्यांची काळजी होती. त्या काळजीतूनच आजच्या कथाकाराला उपयोगी पडणारी शिस्त निर्माण झाली. विधी रचणाऱ्या गटाने आपल्या संहितेच्या शेवटी एक प्रश्न नोंदवून ठेवावा : भूत गेल्यावर त्या खोलीत जो माणूस उरतो, त्याला पाणी कोण देणार? ज्या कथेत या प्रश्नाचे उत्तर आहे, तिच्यातील विधीवर वाचक विश्वास ठेवील.